काटा, कटती आणि मूठभर सांभार

देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ कुठं सुरू झाली? मुंबई? सुरत? अहमदाबाद? तिन्ही उत्तरं चूक. आपल्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड! वऱ्हाडाचा कारभार तेव्हा हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाकडे होता आणि त्याच्या हुकमानं १८८६ साली इथल्या कापसाच्या बाजाराला नियम लागले. कास्तकाराचा कळवळा आला म्हणून नव्हे, बरं का. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेली रुई रास्त भावात हवी होती. फायदा इंग्रजाचा, पण त्या ओघात सौदा उघड्यावर करण्याची चाल वऱ्हाडात रुजली. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच आला, आणि पुढे इतर प्रांतांनी तोच समोर ठेवून आपापले कायदे केले.

रुमालाखाली काय चाललंय?
जुन्या बाजारात भाव बोलायचे नाहीत, दाबायचे. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालत, बोटं दाबून आकडा ठरवत. ज्याचा माल तो कास्तकार शेजारीच उभा आणि त्यालाच भाव ठाऊक नाही. मग गाडी काट्यावर जायची आणि कटती सुरू व्हायची. नमुन्याची मूठ वेगळी, मापाई वेगळी, हमाली वेगळी. सगळ्यात मजेदार रकाना धर्मादायाचा. गोशाळेला, धर्मशाळेला, देवळाला दान म्हणून शेतकऱ्याच्या रकमेतून काही पैसे परस्पर कापले जात. कापूस कास्तकाराच्या गाडीतला, पुण्य मात्र व्यापाऱ्याच्या खात्यावर! १९२८ साली लॉर्ड लिनलिथगो यांच्या शेती आयोगाने देशभर नियंत्रित बाजार हवेत अशी शिफारस केली, त्यामागे असल्याच तक्रारी होत्या.

स्मिथच्या आधीचे गुरुजी
अर्थशास्त्राचा बाप म्हणून ॲडम स्मिथचं नाव सगळे घेतात. त्याचा गाजलेला ग्रंथ १७७६ चा. त्याच्या २२ वर्षं आधी, १७५४ मध्ये, इटलीतल्या नेपल्सच्या विद्यापीठात अंतोनिओ जेनोवेसी नावाचे पाद्री व्यापारशास्त्र शिकवायला उभे राहिले होते. अध्यासनाला पैसे देणाऱ्या गृहस्थांची अट होती की धडे लॅटिनमध्ये द्यायचे नाहीत, लोकांच्या इटालियनमध्येच द्यायचे. जेनोवेसींनी आपल्या विषयाला ‘नागरी अर्थशास्त्र’ म्हटलं. बाजार म्हणजे एकमेकांची नड भागवणं, आणि लोकांचा एकमेकांवरचा भरवसा आटला की व्यापारही आटतो, असं त्यांचं म्हणणं. मंगरूळपीरच्या आठवडी बाजारात हे कुणालाही सांगा, तो म्हणेल, यात नवीन काय?

एक बैल तुझा, एक माझा
पुस्तकाबाहेरचं नागरी अर्थशास्त्र पाहायचं तर सावड पाहावी. दोन घरी एकेक बैल. दोन्ही जुंपले की जोडी झाली. आज तुझं वावर, उद्या माझं. पावती नाही, करारनामा नाही, व्याज तर नाहीच. निंदणाला बायाही सावड करतात, चार दिवस तुझ्या शेतात, चार दिवस माझ्या. पण सावड म्हणजे भाबडेपणा समजू नका. कोण उशिरा येतं, कोण तास सोडून चहाला पळतं, कुणाचा बैल मारका आहे, याचा हिशोब अख्ख्या गावाला तोंडपाठ असतो. ज्यानं अंग चोरलं त्याला पुढच्या हंगामात जोडीदार मिळत नाही. शिक्षा एवढीच, पण पेरणीच्या तोंडावर ती दंडापेक्षा जड जाते. लोक आपले नियम आपणच करून सामायिक गोष्टी सांभाळू शकतात, हे दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

लुगड्याची पत
१६७० साली शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातलं कारंजा लुटलं. नगर एवढं गब्बर की सोनं, चांदी, कापड न्यायला चार हजार बैल आणि गाढवं लागली, असं इतिहासकार लिहितात. श्रीमंत एकूणएक धरले गेले, निसटला तो सगळ्यात बडा असामी, तोही बायकी वेश करून. महाराजांची माणसं बाईमाणसाला हात लावत नाहीत, याची शत्रूच्या सावकारालाही खात्री होती. पत म्हणतात ती ही!

बोजारा आणि नोबेल
पोळा फुटला की गडी बैलजोडी घेऊन दारोदार फिरतो. घरधनीण बैलांना ओवाळते आणि गड्याच्या हातावर बोजारा, म्हणजे सणाची भेट, ठेवते. पाडव्याला ठरलेल्या सालाच्या मजुरीत हा बोजारा धरलेला नसतो, तरी तो चुकला तर वर्षभर बोलणी बसतात. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. मालक ठरल्यापेक्षा थोडं जास्त देतो, मजूर ठरल्यापेक्षा थोडं जास्त करतो, म्हणजे मजुरी हीसुद्धा अंशतः भेटच असते. त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं, पण दुसऱ्या कामासाठी. ते काम काय? खराब माल चांगल्या मालाला बाजारातून कसा हुसकतो, ते. कटती का लावली जाते याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

मुहूर्ताचा भाव
नवं सोयाबीन बाजार समितीत आलं की पहिल्या गाडीचा थाट बघण्यासारखा. काट्याला हळद-कुंकू, नारळ फुटतो, कास्तकाराला टोपी-दुपट्टा, आणि हर्रासात बोली चढत चढत चालू भावाच्या कितीतरी वर. फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी पेपरात येतात. ते वाचून बाकीचे माल घेऊन धावतात, तर त्यांच्या स्वागताला ओलावा मोजायचं यंत्र. पहिल्याला दुपट्टा, दुसऱ्याला ‘माल ओला आहे’! मला हा मुहूर्त आवडतो, पण ही भेट कमी आणि जाहिरात जास्त, हेही खरं.

त्यापेक्षा भाजीवाल्या मावशीचा व्यवहार स्वच्छ. भाव एक पैसा सोडणार नाही, पण वांगी घेतली की मूठभर सांभार (पुण्याकडची कोथिंबीर) आणि दोन मिरच्या पिशवीत पडणारच. न मागता पडल्या तर प्रेम. मागितल्या तर, ‘दादा, सांभार का फुकटात येते?’

सांभार मावशी आपल्या हातानं देते, धर्मादाय मात्र दुसरा कापून घेतो, सगळा फरक इथेच. राज्याचा १९६३ चा बाजार समिती कायदाही हा फरक जाणतो. नेमून दिलेल्या खर्चापलीकडची कोणतीही कटती त्यात बसत नाही. तेव्हा यंदा सोयाबीन घेऊन कारंजा, रिसोड, मालेगाव, कुठंही गेलात तरी काट्यावरून परतण्याआधी हिशोबपट्टी मागून घ्या, एकेक रकाना वाचा, आणि न कळलेली कटती दिसली तर तिथंच बाजार समितीच्या कार्यालयात विचारा.