बोरन्हाणाचे झबले

मकरसंक्रांत ते रथसप्तमी या काळात महाराष्ट्रीय कुटुंबांत लहान मुलांचे बोरन्हाण केले जाते. मुलाला काळे झबले व हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा असे जिन्नस ओततात. एरवी शुभप्रसंगी टाळला जाणारा काळा रंग या सणाला आवर्जून वापरतात. कारण तो उष्णता शोषून घेतो.

चंदीगडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही ऊब अधिकच हवीशी वाटते. तेथे जानेवारीत दाट धुके पडते व रात्रीचे तापमान बऱ्याचदा ५ ते ६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. संक्रांतीच्या सुमारास तेथील पंजाबी घरांत बाळाची पहिली लोहडी थाटाने साजरी होते. त्यामुळे बाळाच्या कौतुकाचा हा सोहळा शेजारीपाजारीही आपुलकीने पाहतात.

अशा हवेत झबले शिवताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. सुती कापड आटते आणि काळा रंग उतरतो. म्हणून ते आधी धुऊन वाळवावे. छातीचे माप मुलाच्या अंगात स्वेटर असताना घ्यावे व त्यात ८ ते १० सेंटिमीटर सैलपणा धरावा. वर्तमानपत्रावर खाका काढून मगच कापड बेतावे. आतून मऊ फ्लॅनेलचे अस्तर लावावे. गळा मागे उघडा ठेवून आखूड बंद शिवावेत. लांब बंद गळ्याभोवती अडकण्याचा धोका असतो. शिवणीच्या कडा दुमडून घेतल्यास त्या अंगाला टोचत नाहीत.

दागिन्यांबाबत विशेष दक्षता हवी. तिळावर साखरेच्या पाकाची पुटे चढवून काटेरी हलवा तयार होतो. दमट हवेत तो पाझरतो. म्हणून दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून ऐनवेळी बाहेर काढावेत. सुटलेला दाणा मुलाने तोंडात घातल्यास तो श्वासनलिकेत अडकू शकतो. त्यासाठी हार गळ्यात न घालता कापडी पट्टीवर पक्का गुंफून झबल्यावर टाचावा आणि खाली सांडलेली बोरे व दाणे लगेच उचलावेत.

मुकुट टोचू लागून मूल रडले, तर तो उतरवून ठेवावा. त्यावाचून बोरन्हाण अडत नाही. दागिन्यांचे टाके उसवले की तेच उबदार झबले मुलाला थंडीभर घालता येते.