मॅटॅडोरची पुढची चाके जुळवताना

आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटॅडोर जर्मन हानोमॅग व्हॅनवर बेतलेली होती. तिची पुढची चाकेच गाडी ओढतात आणि वळवतातही. स्प्रिंग बदलून गाडी उचलली किंवा खाली बसवली की अलाइनमेंट बदलले, हे धरूनच चालावे.

आधी बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड तपासा. ते ढिले असतील तर अलाइनमेंट मशीनवरचे आकडे फुकट. मग क्रम असा: कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल), कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), शेवटी टो. कॅम्बर हलवला की टो बदलतो, उलटा क्रम म्हणजे दुप्पट काम. टो म्हणजे वरून पाहिल्यास चाकांची तोंडे किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते. १४ इंची रिमवर १ अंश म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर, डोळ्यांनी हे कळत नाही.

हिमायतनगरहून मशीनसाठी नांदेड गाठण्याआधी घरी दोरा लावून टो मोजता येतो. सपाट जागा, टायरमध्ये सारखी हवा, स्टिअरिंग सरळ. दोरा गाडीच्या मध्यरेषेला समांतर ताणा आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून अंतर मोजा. गाडी रोज भरून धावत असेल तर तेवढे वजन ठेवूनच मोजा.

दोन्ही टाय रॉड सारखे फिरवा, नाहीतर स्टिअरिंग तिरके राहते. लॉकनट आवळताना रॉड किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर टो पुन्हा मोजा.