रक्ताची परतीची वाट

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असेल तेव्हा ओढणाऱ्यांच्या पोटऱ्या बघाव्यात. दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं वाळूत टाचा रोवतात, मागे सरकतात, पुन्हा टाचा रोवतात. जाळं किनाऱ्याकडे येतं, आणि त्याच पोटऱ्यांच्या बळावर पायातलं रक्त हृदयाकडे चढत असतं.

विश्रांतीतही हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकतं. तेवढंच परत यावं लागतं. पण केशवाहिन्या ओलांडेपर्यंत हृदयाचा जोर बराच ओसरलेला असतो. डोकं आणि हातांकडचं रक्त ऊर्ध्व महाशिरेतून येतं, पाय आणि पोटाकडचं अधोमहाशिरेतून. कमरेपाशी दोन मोठ्या शिरांच्या संगमातून बनलेली ही अधोमहाशिरा यकृताच्या मागून वर जाते, श्वासपटल पार करते आणि हृदयाच्या उजव्या अलिंदात उघडते.

चढ पार होतो तो पोटऱ्यांमुळे. स्नायू आवळले की शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं. ते खाली घसरू नये म्हणून आत झडपा असतात. पादुआच्या फॅब्रिशियसने १६०३ मध्ये या झडपांचं वर्णन छापलं. त्या कशासाठी आहेत, हे त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये दाखवलं. निश्चल उभ्या माणसाच्या घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालू लागताच तो ३०च्या आसपास उतरतो. श्वासही हातभार लावतो: श्वासपटल खाली आलं की पोटातला दाब वाढतो, छातीतला कमी होतो आणि रक्त वर खेचलं जातं.

तारकर्लीला गळ्याइतक्या पाण्यात उतरणाऱ्याच्या शरीरात हेच काम समुद्र करतो. पाण्याच्या दाबाने सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे सरकतं. अलिंद ताणलं जातं, शरीर जादा पाणी काढून टाकू पाहतं. म्हणूनच पाणबुड्याला वारंवार लघवीला होते.

तासनतास एका जागी उभं राहून मासळी विकणाऱ्या बाईला किंवा मुंबईच्या रातराणीत पाय लोंबकळत बसलेल्या चाकरमान्याला पोटऱ्यांची ही मदत मिळत नाही. त्यांनी अधूनमधून टाचा उचलाव्यात, चार पावलं चालावं. आणि एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर तेल लावून चोळू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शिरेत गुठळी असेल, तर ती याच वाटेने हृदयात आणि तिथून फुप्फुसात जाऊन जीव घेऊ शकते.