वाईचे दोन दिवस

शनिवारचे तास संपले की साताऱ्याहून एस. टी.ने तासाभरात वाई गाठता येते. बहुतेक मंडळी ढोल्या गणपतीला समोरून हात जोडतात आणि महाबळेश्वरसाठी पसरणीच्या घाटाला लागतात. पण हे देऊळ मागून पाहावे. १७६२ साली रास्त्यांनी ते अगदी कृष्णेच्या घाटावर बांधले. मग पुराचे काय? मागची भिंत सपाट न ठेवता माशासारखी निमुळती केली. पाणी तिच्यावर आपटत नाही. दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. पुढे दंडवत घालणाऱ्याला याचा पत्ताही नसतो!

गावातल्या विद्येचेही तसेच. प्राज्ञपाठशाळा याच गावची. इथेच बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे संपादन केले. नोंदींचा पहिला खंड १९७६ साली निघाला. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘गाइड’ चाळणारा मी त्या अकारविल्हे डोंगरापुढे जरा ओशाळलोच.

रविवारी सकाळी मेणवलीला चालतच जावे. नाना फडणिसांच्या वाड्यामागे घाट आहे, आणि तिथे १७३९ च्या वसईविजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा. पाण्यात पाय सोडून खुशाल बसावे. परतीची एस. टी. चुकलीच, तर सोमवारचा पहिला तास बुडेल, एवढेच.