इंजिनाची लीक-डाउन चाचणी : आकडा कसा वाचावा?

मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत वसई फाटा, विरार फाटा आणि आत वालीव, गोखिवरे, नालासोपारा या भागात आपले अनेक बांधव गॅरेजच्या धंद्यात आहेत. गाडी ओढत नाही, ऑइल खाते, मिसिंग करते अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले की पुष्कळदा उत्तर ठरलेले असते, "इंजिन खोलावे लागेल." गिऱ्हाईक टॅक्सीवाला किंवा टेम्पोवाला असेल तर खर्चाबरोबर त्याची रोजीही बुडते. म्हणून हा निर्णय अंदाजाने घेऊ नये.

कॉम्प्रेशन गेज सिलिंडर कमजोर आहे एवढे सांगतो. दाब कुठून निसटतो ते लीक-डाउन चाचणीत कळते. या साधनात दोन गेज असतात व त्यांच्यामध्ये ठरावीक मापाचे बारीक छिद्र असते. इंजिन गरम करून प्लग काढावेत, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी अगदी वर आणावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. मग प्लगच्या जागेतून कॉम्प्रेसरची हवा सोडावी. हवेच्या जोराने क्रँक फिरू शकतो. त्यावर पाना लावून ठेवू नये, हातही दूर ठेवावा.

पहिल्या गेजवर १०० पौंड आणि दुसऱ्यावर ८८ असेल तर गळती १२ टक्के. कॉम्प्रेसर ८० पौंडच देत असेल आणि दुसरा गेज ७२ दाखवत असेल तर गळती १० टक्के. शून्य गळती अपेक्षित धरू नये, कारण रिंगच्या तोंडातून थोडी हवा जातेच. साधारणपणे १० टक्क्यांपर्यंत इंजिन उत्तम, २० पर्यंत चालण्याजोगे, २० ते ३० म्हणजे झीज झालेली आणि त्यापुढे दुरुस्तीची गरज. मात्र प्रत्येक टेस्टरचे छिद्र सारखे नसते. त्यामुळे एकाच टेस्टरने सर्व सिलिंडर तपासून त्यांची आपसात तुलना करावी.

आकड्याइतकेच महत्त्व कानाला आहे. ऑइल भरण्याच्या तोंडातून सूं आवाज आला तर रिंग किंवा बोअर. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर फिल्टरच्या बाजूने आला तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा आली तर दोन सिलिंडरमधले गॅस्केट गेले आहे. (रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना एकदम उघडू नये.)

उदाहरण घ्या. चार सिलिंडरचे आकडे ८, ९, ३८, १० आले आणि तिसऱ्याची हवा सायलेन्सरमधून जाते. इथे हेडचे काम आहे. बोअर करणे, रिंग-पिस्टन बदलणे हा फुकट खर्च. पण चारही सिलिंडर ३० च्या आसपास आणि हवा ऑइलच्या तोंडातून, तर मात्र इंजिन खरोखर झिजले आहे.

हेड खोलण्यापूर्वीही थांबावे. आधी टॅपेटचा गॅप पाहावा. पेट्रोलवरून सीएनजीवर केलेल्या गाड्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप कमी होतो आणि व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. गॅप नीट करून पुन्हा तपासावे. कधी कार्बनचा कण व्हॉल्व्हखाली अडकतो. इंजिन थोडे चालवून पुन्हा चाचणी घेतली की आकडा सुधारतो. आणि निळा धूर असूनही गळती ८ टक्केच असेल, तर आधी व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्यावा.

शेवटी एक विनंती. गिऱ्हाइकाला शेजारी उभे करून आवाज ऐकवावा, सर्व आकडे बिलावर लिहून द्यावेत, काम झाल्यावर पुन्हा चाचणी घेऊन नवे आकडेही लिहावेत. माप-तोलात खोट करणाऱ्यांना कुरआनने सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा दिला आहे. तराजू फक्त वाण्याच्या दुकानात नसतो. आपल्या गॅरेजमधला गेज हादेखील तराजूच आहे. तो खरा ठेवला तर रोजीत बरकत राहील आणि गिऱ्हाईकही दुसऱ्याच्या दारात जाणार नाही, इन्शाअल्लाह.