चिप्सचं पाकीट भंगारवाला का घेत नाही?

सोसायटीतल्या सातवीतल्या मुलीने परवा विचारलं, "काका, दुधाच्या पिशव्या भंगारात जातात, मग चिप्सचं पाकीट का नाही?" प्रश्न एक नंबर!

पाकीट आतून चकचकीत दिसतं ना? प्लास्टिकच्या पापुद्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा असतो. त्यानेच चिप्स कुरकुरीत राहतात. पण हे थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून त्याला भाव नाही.

१ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे स्ट्रॉ-चमचे देशभर बंद झाले. ही पाकिटं त्या यादीत नाहीत, हे मला खटकतं.

दुधाची पिशवी एकाच प्लास्टिकची, पॉलिथिनची. वितळवून पुन्हा वापरता येते. फक्त कोपरा कापून वेगळा करू नका, नुसती चीर द्या; तो इवलासा तुकडा कुणी वेचत नाही. आणि पिशवी धुऊन वाळवा, नाहीतर वास सुटतो!

मुलांचे असे आणखी प्रश्न असतील तर कमेंटमध्ये टाका.