वऱ्हाडी बोलीचा हक्काचा माणूस: भारत गणेशपुरे

अमरावतीजवळच्या रहाटगावचा हा कलावंत. मराठी पडद्यावर ग्रामीण विनोद म्हटलं की बरीच वर्षं पश्चिम महाराष्ट्राची भाषा ऐकू यायची. गणेशपुऱ्यांनी तिथे अस्सल वऱ्हाडी आणली आणि ती घरोघरी पोचवली.

झी मराठीच्या 'फू बाई फू' या विनोदी कार्यक्रमात सागर कारंडेंसोबत त्यांची जोडी जमली. मग 2014 मध्ये निलेश साबळेंचं 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं आणि गणेशपुरे त्यातल्या थुकरटवाडी या काल्पनिक गावाचे सरपंच झाले. समोर भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे अशी तयारीची मंडळी! सलमान, शाहरुखसारखे पाहुणे आले तरी सरपंचांचा तोरा कायम.

त्यांची खुबी बघा: चेहरा कोरा, आवाज संथ. 'मले', 'तुले', 'काहून' सहज पेरत वाक्य रेंगाळत न्यायचं अन् शेवटी हळूच टोला हाणायचा. समोरचा हसून लोळतो, हे मात्र गंभीरच!

अमरावती-अकोल्याकडच्या मंडळींनो, त्यांचं कोणतं स्किट तुम्हाले लय आवडते? कमेंटमध्ये सांगा बरं!

#वऱ्हाडी #भारतगणेशपुरे #अमरावती #अकोला